हॅरिस शील्डचा एक हंगाम



भाताची कापणी होऊन कुणगे कोरडे पडले की आमच्या दोडामार्गाकडे पोरांचे क्रिकेट सुरू होते. तीन काठ्या रोवल्या की विकेट झाली. बॅट नसली तर माडाच्या झावळीचा जाड देठ तासून घेतात, चेंडू कुणाचा तरी जुना मागून आणतात. शेजारच्या कुंपणात चेंडू गेला की खेळ थांबतो, आणि ज्याने मारला त्यानेच तो आणायचा असा कायदा असतो. हे दृश्य तुम्ही सर्वांनी पाहिले आहे, शिक्षकबंधूंनी तर शाळेच्या खिडकीतून रोजच पाहिले असेल. आज मी सांगणार आहे ती हकिकत इथून सुमारे पाचशे किलोमीटरवरच्या मुंबईची आहे. पण तिच्या मुळाशी आपल्याच मुलखातला एक माणूस आहे, म्हणून ती इथे सांगायला हरकत नाही.

हकिकत १९८७-८८ सालची. त्या वेळी दोडामार्ग हा तालुकासुद्धा झाला नव्हता; आपण सावंतवाडी तालुक्यात होतो आणि सिंधुदुर्ग जिल्हा होऊन सहासात वर्षेच झाली होती. मुंबईत शाळकरी मुलांसाठी क्रिकेटच्या दोन जुन्या स्पर्धा आहेत. लहान मुलांची ती जाइल्स शील्ड आणि मोठ्या मुलांची ती हॅरिस शील्ड. शील्ड म्हणजे ढाल. हॅरिससाहेब १८९० ते १८९५ पर्यंत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते, आणि त्याआधी इंग्लंडच्या संघाचे कप्तान. खेळाचा शौक दांडगा. पण मैदान पोलोच्या घोड्यांसाठी राखायचे की हिंदी मुलांच्या क्रिकेटसाठी, हा वाद त्यांच्या कारकीर्दीत गाजला, तेव्हा हिंदी खेळाडूंची त्यांनी निराशाच केली असे इतिहासकार सांगतात. मौज अशी की पुढे शंभर-सव्वाशे वर्षे त्यांचे नाव मुंबईत टिकून राहिले ते हिंदी मुलांच्या तोंडी. साहेबाच्या नावाची ती ढाल गिरगावच्या, दादरच्या, परळच्या मुलांनी आपली करून टाकली.

आता आपल्या मुलखातला माणूस. रमाकांत विठ्ठल आचरेकर. आडनावातच आचरे गाव आहे. जन्म मालवणचा, १९३२ चा. अकरा वर्षांचे असताना, म्हणजे १९४३ साली, ते मुंबईला गेले. कोकणातली मुले ज्या वाटेने मुंबईला गेली तीच ही वाट. कुणी गिरणीत गेला, कुणी गोदीत, कुणी पेढीवर. आचरेकर क्रिकेटच्या मैदानावर गेले. स्वतः खेळाडू म्हणून ते फार मोठे झाले नाहीत. प्रथम दर्जाचा एकच सामना त्यांच्या नावावर आहे, तोही स्टेट बँकेकडून, १९६३-६४ च्या हंगामात हैदराबादला मोईन-उद्-दौला चषकात. एकच! पण शिकवण्याचे अंग काही निराळेच असते, हे शिक्षकमंडळींना मी काय सांगावे? शिवाजी पार्कच्या तांबड्या मातीवर त्यांनी पिढ्यान् पिढ्या मुले घडवली आणि दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिराचा संघ नावारूपाला आणला.

त्यांच्याकडे १९८४ च्या सुमारास एक मुलगा आला. त्याचे वडील रमेश तेंडुलकर हे कीर्ती महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक आणि कवी. मुलाला घेऊन आला तो त्याचा थोरला भाऊ अजित. पहिल्या दिवशी मुलगा बावरला, त्याला धड खेळताच येईना. तेव्हा भावाने सरांना गळ घातली की, तुम्ही जरा दूर जाऊन आडून बघा, तुम्ही समोर असलात की तो बिचकतो. सर दूर गेले आणि मग मुलगा खेळला. पुढे ही झाडाआडून बघण्याची युक्ती सरांनी नेहमीच वापरली म्हणतात. मुलांना वाटे, सर आज आलेले नाहीत. आणि खेळ संपला की सर कुठून तरी प्रकट व्हायचे आणि कोणाचा पाय कुठे चुकला ते सांगायचे.

हा मुलगा वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकत होता. सरांनी घरच्यांना सुचवले की त्याला शारदाश्रमात घाला. कारण सरळ होते. शाळेचा संघ चांगला असला, शाळा स्पर्धांत मनापासून उतरणारी असली, तर मुलाला सामने मिळतात. आणि सामने मिळाल्याशिवाय खेळ वाढत नाही. वांद्र्याहून रोज शिवाजी पार्कपर्यंत ये-जा करून मुलगा दमू लागला, तेव्हा त्याला मैदानाजवळ मावशी-काकांच्या घरी ठेवला. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत साठ दिवसांत त्याने पंचावन्न सराव सामने खेळले. त्याच्यापाशी खेळाच्या कपड्यांचा एकच जोड होता. सकाळचा खेळ झाला की तो धुवायचा, दुपारी वाळत घालायचा आणि संध्याकाळी पुन्हा अंगावर चढवायचा. बाकीचे कापड वाळे, पण पँटचे खिसे ओले ते ओलेच. सबंध सुट्टीभर ओल्या खिशांनी खेळलो, असे त्याने मोठेपणी लिहिले आहे. दिवसाच्या अखेरीस सर स्टंपावर रुपयाचे नाणे ठेवत. जो गोलंदाज त्याला बाद करील त्याचे नाणे, आणि कोणीच करू शकला नाही तर नाणे मुलाचे. दमलेल्या मुलाला शेवटची पंधरा मिनिटे जागे ठेवण्याचा यापेक्षा स्वस्त उपाय मला तरी ठाऊक नाही.

आणि एक थप्पडही आहे. सरांनी त्याच्यासाठी एक सामना ठरवून ठेवला होता, तो सोडून हा वानखेडे मैदानावर शाळेच्या मोठ्या मुलांचा हॅरिस शील्डचा अंतिम सामना बघायला गेला. तिथे सर भेटले. मुलाने मोठ्या उत्साहाने सांगितले की मी टाळ्या वाजवायला आलो आहे. सरांनी मुस्कटात दिली आणि सुनावले, की दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत बसू नकोस, लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील असे काही कर. हात उगारण्याचे समर्थन आज कोणी करू नये, मीही करणार नाही. तो प्रसंग मात्र मुलाच्या मनात जन्मभर राहिला, हे त्याने स्वतःच सांगितले आहे.

त्याच शाळेत विनोद कांबळी नावाचा मुलगा होता. वयाने वर्षा-सव्वा वर्षाने मोठा, डावखुरा, कांजूरमार्गच्या वस्तीतला. त्याचे वडील मेकॅनिक, आणि स्वतः क्लबातले वेगवान गोलंदाज. पहाटेची लोकल पकडून, गर्दीत बॅटची पिशवी सांभाळत हा मुलगा दादरला येत असे. मुंबईच्या लोकलची गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे काय आहे ते कळेल.

हंगाम सुरू होण्याच्या सुमारास, १९८७ च्या ऑगस्टात, एक लहानशी गोष्ट घडली. मुंबईच्या क्रिकेट संघटनेचे उत्तम कुमार खेळाडूचे पारितोषिक तेंडुलकरला मिळेल असे सर्वांना वाटत होते. ते मिळाले नाही. मुलगा खट्टू झाला. तेव्हा सुनील गावसकरांनी त्याला पत्र लिहिले. आशय असा, की वाईट वाटून घेऊ नकोस. या पारितोषिकाच्या मागच्या यादीत आणखी एक नाव तुला सापडणार नाही, आणि त्या माणसाचे कसोटी क्रिकेटमध्ये काही फारसे वाईट झाले नाही. तो माणूस म्हणजे स्वतः गावसकर! विचार करा, कसोटीत दहा हजार धावा काढलेला माणूस चौदा वर्षांच्या पोराला पत्र लिहायला बसतो. त्याच पावसाळ्यानंतर भारतात विश्वचषकाचे सामने झाले आणि हा मुलगा सीमारेषेबाहेरचा चेंडू आणून देणाऱ्या पोरांत उभा होता.

मग हॅरिस शील्डचे सामने सुरू झाले. तेंडुलकर शारदाश्रमच्या इंग्रजी शाखेचा कप्तान होता. त्या हंगामात त्याचे या स्पर्धेतले आकडे असे: नाबाद २१, मग १२५, मग नाबाद २०७. उपान्त्य सामना आला तो १९८८ च्या फेब्रुवारीअखेर, आझाद मैदानावर, फोर्टातल्या सेंट झेवियर्स हायस्कूलशी.

आझाद मैदान ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. एकाच मैदानात वीसहून जास्त खेळपट्ट्या आहेत. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या यष्टिरक्षकाच्या पाठीशी उभा असतो. कुठला चेंडू कुणाचा हे ओळखणे हीसुद्धा एक विद्याच आहे. भोवती रस्ता, पलीकडे बोरीबंदरची आगगाडी, आणि कचेरीला जाणारे लोक थोडा वेळ उभे राहून बघणारे. असा हा मोठा सामना. तिकीट नाही, मंडप नाही.

शारदाश्रमचे दोन गडी ८४ धावांवर बाद झाले आणि तेंडुलकर-कांबळी जोडी जमली. ती पुन्हा फुटलीच नाही. पहिला दिवस गेला, दुसरा उजाडला, तरी तेच दोघे. सेंट झेवियर्सच्या संघात साईराज बहुतुले नावाचा लेगस्पिन टाकणारा मुलगा होता. त्याच्या एकट्याच्या गोलंदाजीवर १८२ धावा निघाल्या. एका गोलंदाजाला तर रडू कोसळले आणि आता मला चेंडू देऊ नका असे तो म्हणू लागला, अशी आठवण सांगतात.

इथे मी थोडा थांबतो. आकडे सांगताना आपल्याला मजा वाटते. पण उन्हात दोन दिवस त्याच दोन मुलांच्या मागे धावणारी अकरा मुले डोळ्यांसमोर आणा. शाळेचा खेळ म्हणजे शिक्षणच, असे आपण म्हणतो. मग एका बाजूच्या दोघांनी खेळतच राहावे आणि दुसऱ्या बाजूच्या अकरांनी पळतच राहावे, यातून कोणाचे शिक्षण होते? हा प्रश्न त्या दिवशी मैदानावर नसलेल्या एका माणसाला पडला होता. आचरेकर सर. ते तिथे नव्हते. त्यांचे सहायक लक्ष्मण चव्हाण होते. डाव घोषित करा, असे चव्हाणांनी सीमेवरून खुणावले. मुलांनी तिकडे बघायचेच नाही असे ठरवले! हाक आली की एक गाणे म्हणायचा, दुसरा पाठ फिरवायचा. निरोप घेऊन बारावा गडी आत आला तरी ऐकले नाही. दोघांनीही पुढे ही गोष्ट हसत हसत अनेकदा सांगितली आहे.

अखेर दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत टेलिफोनवर सरांशी बोलणे झाले. सरांनी धावा विचारल्या. सातशे अठ्ठेचाळीस. मग काय विचारता! ताबडतोब डाव घोषित करा, असा हुकूम झाला. कांबळी ३४९ वर नाबाद होता. एकच धाव हवी होती. त्याने विनवले, सर, एक धाव, साडेतीनशे होतील. सर म्हणाले, नाही.

शारदाश्रम २ बाद ७४८, डाव घोषित. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६. दोघांची भागी ६६४ धावांची. त्यापूर्वी कोणत्याही दर्जाच्या क्रिकेटमधली सर्वात मोठी भागी ६४१ धावांची होती. ती १९१३-१४ साली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांतात पॅटन आणि रिपन या दोघांनी खेड्यापाड्यांच्या एका सामन्यात केली होती. म्हणजे पाऊणशे वर्षांचा विक्रम शाळकरी पोरांनी मोडला. गंमत अशी की असा काही विक्रम आहे हे त्यांना खेळताना ठाऊकच नव्हते. सेंट झेवियर्सचा डाव १४५ धावांत आटोपला, आणि त्यातले सहा गडी ३७ धावांत कोणी घेतले? कांबळीने. बहुधा त्या एका धावेचा राग गोलंदाजीत निघाला असावा.

सरांनी ती एक धाव का नाकारली, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. सामना जिंकायचा तर वेळ हवा, हे एक कारण झालेच. तीन दिवसांचा सामना आहे, दुसऱ्याचे दहा गडी बाद करायचे आहेत. पण मला वाटते, आणखीही काही होते. धावांचा लोभ सुटत नाही तेव्हा कोणीतरी बाहेरचा माणूस लागतो, जो म्हणेल की आता पुरे. साडेतीनशेची विनंती मान्य केली असती तर पुढे चारशेचीही झाली असती. अर्थात हे माझे मत. कांबळीला ती एक धाव आयुष्यभर सलली असेल, तर त्यालाही मी दोष देणार नाही.

याच्याजवळ दुसरी एक गोष्ट ठेवून बघा. शाळेच्या क्रिकेटमधला एकट्याचा जुना मोठा विक्रम होता इंग्लंडमधल्या आर्थर कॉलिन्स या मुलाचा. १८९९ साली क्लिफ्टन शाळेतल्या एका सामन्यात या तेरा वर्षांच्या पोराने नाबाद ६२८ धावा काढल्या. पुढे तो फौजेत गेला आणि १९१४ साली पहिल्या महायुद्धात मारला गेला. त्याचा विक्रम मोडला तो २०१६ च्या जानेवारीत, आपल्या कल्याणला, प्रणव धनावडेने, नाबाद १००९ करून. मुलाचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण समोरच्या शाळेचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले होते. अशा सामन्यात दुसऱ्या बाजूच्या मुलांना काय वाटत असेल? १९८८ चा तो उपान्त्य सामना इतका एकतर्फी वाटला तरी समोरचा संघ खेळणाऱ्या मुलांचा होता. ज्या बहुतुलेला त्या दिवशी १८२ धावा बसल्या, तो पुढे मुंबईकडून वर्षानुवर्षे खेळला आणि २००१ साली भारताकडून कसोटीतही उतरला.

हंगाम तिथे संपला नाही. अंतिम सामना झाला ब्रेबर्न स्टेडियमवर, अंजुमन-ए-इस्लाम शाळेशी. आझाद मैदानाच्या गर्दीतून मुले एकदम खऱ्या स्टेडियमच्या हिरवळीवर आली. तिथे तेंडुलकरने नाबाद ३४६ धावा काढल्या. आता बेरीज करा: २१, १२५, २०७, ३२६ आणि ३४६. एक हजार पंचवीस. पाच डावांत तो एकदाच बाद झाला होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने गुजरातविरुद्ध मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात शतक केले, आणि १९८९ च्या नोव्हेंबरात कराचीला तो भारताकडून उभा राहिला. कांबळीने १९९३ साली लागोपाठच्या दोन कसोटींत २२४ आणि २२७ धावा केल्या. सतरा कसोटींत त्याची सरासरी चोपन्नाच्या वर आहे. आणि तरीही १९९५ नंतर तो कसोटी खेळला नाही. एकाच दिवशी, एकाच खेळपट्टीवर, एकाच गुरूच्या हाताखाली सुरू झालेल्या दोन वाटा इतक्या वेगळ्या का गेल्या, याची कारणे सांगणारे पुष्कळ भेटतात. मी सांगणार नाही.

ती ६६४ ची भागीही विक्रम म्हणून कायम राहिली नाही. २००६ साली हैदराबादकडच्या दोन शाळकरी मुलांनी नाबाद ७२१ ची भागी केली. हॅरिस शील्डमध्ये २०१३ साली पृथ्वी शॉने एकट्याने ५४६ धावा काढल्या. आकडे असेच असतात, त्यांच्यावर दुसरे आकडे येऊन बसतात.

आचरेकर सरांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये पद्मश्री. २ जानेवारी २०१९ रोजी ते गेले. शिवाजी पार्कवर त्यांचे स्मारक उभारले गेले. ३ डिसेंबर २०२४ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी, त्याचे अनावरण झाले, तेव्हा त्या कार्यक्रमाला सचिनही होता आणि प्रकृतीने थकलेला विनोदही. मालवणच्या मुलाचे स्मारक मुंबईच्या मैदानावर, याचे आपल्याकडे जेवढे कौतुक व्हायला हवे तेवढे झाले का, कोण जाणे.

आता राहिला एक मुलगा. त्याच्याबद्दल सांगण्यासाठीच खरे तर मी ही हकिकत काढली. ते दोघे खेळत असताना शारदाश्रमाचा पुढचा फलंदाज पॅड बांधून सीमेबाहेर बसला होता. अमोल मुझुमदार. वय तेरा. गडी बाद झाला की जायचे. गडी बाद होईना. पहिला दिवस संपला, पॅड सोडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधले. जेवणाच्या सुट्टीत डाव घोषित झाला आणि त्याने पॅड सोडून ठेवले. प्रत्येक शाळेच्या संघात असा एक मुलगा असतो; आपल्या वर्गातही असतो, हात वर करून बसलेला, आणि तास संपतो.

मुझुमदारने १९९४ साली रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या. प्रथम दर्जाच्या पदार्पणातली ती त्या वेळी जगातली सर्वात मोठी खेळी होती. मुंबईच्या मधल्या फळीत तो वर्षानुवर्षे उभा राहिला, पुढे कप्तानही झाला, आणि प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये अकरा हजारांवर धावा करून निवृत्त झाला. भारताकडून एकही सामना त्याला मिळाला नाही. त्याच्या जागी द्रविड होते, गांगुली होते, लक्ष्मण होते, आणि अर्थातच शाळेतला तो कप्तान होता. पुढे तो शिकवू लागला. भारताच्या महिला संघाचे प्रशिक्षकपद त्याच्याकडे आले, आणि २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या मैदानावर हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा तो सीमारेषेबाहेर उभा होता.